हातघडणीची भांडी आणि विक्री प्रतिनिधी

हाताने घडवलेल्या मातीच्या भांड्यांचे नमुने घेऊन दुकानोदुकानी फिरणारा, तिथून ऑर्डर आणणारा आणि त्या ऑर्डरीच्या रकमेवर ठरलेले कमिशन घेणारा माणूस म्हणजे विक्री प्रतिनिधी. तो माल विकत घेत नाही, साठवत नाही, स्वतःच्या नावाने बिलही फाडत नाही. बिल कारागिराच्या नावाने निघते, माल स्टुडिओतून थेट दुकानात जातो, पैसे दुकानाकडून थेट कारागिराच्या खात्यात येतात आणि त्यातून प्रतिनिधीचा हिस्सा दिला जातो. व्यापाऱ्याचे काम याहून निराळे. तो रोखीने किंवा उधारीने माल उचलतो आणि पुढचा भाव स्वतः ठरवतो. जांगडावर माल ठेवून घेणारा दुकानदार तिसराच. भांडे विकले गेले तर तो पैसे देतो, नाही तर भांडे परत करतो. या तिघांपैकी फक्त प्रतिनिधीच कारागिराच्या वतीने बोलतो आणि पक्की ऑर्डर आणतो. त्यामुळे त्याच्या शब्दाची जबाबदारीही कारागिरावर येते.

महाराष्ट्राच्या गावगाड्यात कुंभाराला अशा माणसाची गरज पडली नाही. तो बारा बलुतेदारांपैकी एक होता. गावाला मडकी, रांजण, संक्रांतीची सुगडी, नवरात्रातले घट पुरवायचे आणि सुगीत खळ्यावरून धान्याचा वाटा न्यायचा, अशी रीत होती. शहरात ती टिकणे शक्य नव्हते, तिथे व्यापारी मध्ये आला. मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पणत्या, कुंड्या, माठ घडवत आली आहेत, आणि त्यांचा बराच माल व्यापाऱ्यांमार्फत बाहेर पडतो. पणतीसारख्या हजारोंनी खपणाऱ्या वस्तूला ही पद्धत चालून जाते. ज्या भांड्याला अर्धा तास हात लागलेला असतो, त्याला ती परवडत नाही.

अशा भांड्यांची परंपरा आपल्याकडे तशी अलीकडची. दिल्लीत सरदार गुरचरण सिंग यांनी स्टुडिओ पॉटरीचा पाया घातला. पाँडिचेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि तिथे शिकलेल्या अनेकांनी पुढे स्वतःचे स्टुडिओ थाटले. आज पुणे, मुंबई, गोवा, बंगळुरू या भागांत एकट्याने किंवा दोघा-तिघांनी चालवलेले छोटे स्टुडिओ आहेत. त्यांचे गिऱ्हाईक मात्र विखुरलेले: एखादा कॅफे, समुद्रकाठचे होमस्टे, हातमागाच्या कापडांसोबत चार मग ठेवणारे दुकान, घरांची अंतर्गत सजावट करणारा वास्तुविशारद. चाकावर बसलेला माणूस या सगळ्यांच्या दारी जाऊ शकत नाही. गेला तर तितके दिवस चाक बंद राहते. प्रतिनिधीची खरी उपयुक्तता इथे आहे.

कल्पना जुनीच आहे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये जोसाया वेजवूड यांनी भांड्यांच्या विक्रीत जे प्रयोग केले त्यांत फिरत्या विक्रेत्यांचा मोठा वाटा होता. १७७१ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या सरदार-उमरावांना, कोणी मागवलेली नसताना, भांड्यांची पार्सले पाठवली. १७७७ च्या सुमारास त्यांची माणसे नमुने घेऊन गावोगाव हिंडू लागली. वेजवूड यांचा कारखाना होता आणि एकाच साच्यातून हुबेहूब तशीच भांडी काढणे हे त्याचे बळ होते. नमुना दाखवावा आणि त्यासारखाच माल पाठवावा, ही विक्रीची रीत कारखान्याला सहज जमते. हातघडणीच्या भांड्यांना ती जमवून घ्यावी लागते, आणि प्रतिनिधीबरोबरच्या कामातल्या बहुतेक अडचणी इथून निघतात.

पहिला प्रश्न भावाचा. प्रदर्शनात स्वतः बसून विकणारा कारागीर मगची किंमत बहुधा अंदाजाने लावतो: शेजारच्या टेबलावर काय आहे, गिऱ्हाईक किती देईल, गेल्या वर्षी काय लावले होते. दुकान आणि प्रतिनिधी मध्ये आले की हा अंदाज कोसळतो. हातघडणीच्या भांड्यांत दुकानदार साधारणपणे ठोक भावाच्या दुप्पट किंमत लावतो. अमेरिकेत, जिथे हस्तकलेच्या वस्तू प्रतिनिधींमार्फत विकण्याची पद्धत चांगली रुजलेली आहे, तिथे प्रतिनिधीचे कमिशन ठोक भावाच्या १५ ते २० टक्के असते. आपल्याकडे एकच एक दर ठरलेला नाही, पण हिशोबासाठी १५ टक्के धरायला हरकत नाही.

एका मगचा हिशोब मांडून पाहावा. समजा, दुकानात त्याची किंमत ८०० रुपये आहे, म्हणजे ठोक भाव ४००. त्यात माती २५ रुपये, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) आणि दोन भाजण्यांचा गॅस मिळून ७०, तडकलेल्या-वाकलेल्या नगांपोटी ३०, खोका आणि वेष्टण ३०, जागेचे भाडे-वीज ४०. हे झाले १९५. प्रतिनिधीचे कमिशन ६०. कारागिराच्या हातात १४५ रुपये उरतात. माती मळणे, चाकावर घडवणे, अर्धवट वाळल्यावर तळ खरवडणे, कान ओढून चिकटवणे, ग्लेझमध्ये बुडवणे, भट्टी लावणे-उतरवणे आणि शेवटी तळ घासणे, एवढ्या सगळ्याची ती मजुरी. आता दुकानदाराने घासाघीस केली आणि प्रतिनिधीने ऑर्डर जाऊ नये म्हणून भाव ३०० वर आणला असे समजू. खर्च तेवढाच, १९५. कमिशन ४५ होते. उरतात ६० रुपये. भाव चौथ्या हिश्शाने उतरला, प्रतिनिधीचे १५ रुपये गेले आणि कारागिराची मजुरी निम्म्याहूनही खाली गेली. म्हणून सूट देण्याचा अधिकार प्रतिनिधीकडे असू नये. असलाच तर अमुक नगांच्या वर अमुक टक्के, असा आधीच लिहून दिलेला असावा.

या आकड्यांतून आणखी एक गोष्ट दिसते. कमिशन हा माती किंवा गॅससारखाच खर्च आहे आणि तो पहिल्या दिवसापासून भावात धरलेला असायला हवा. पुष्कळ कारागीर प्रतिनिधी नेमल्यावर जुन्याच भावातून कमिशन काढून देतात. म्हणजे ते स्वतःच्या मजुरीतून देतात. सहा महिन्यांनी ऑर्डरी वाढलेल्या असतात, पाठ दुखत असते आणि खात्यात पूर्वीइतकेच पैसे असतात. ठोक भाव आधी नीट बसवावा. तो बाजाराला पेलणारा नसेल तर त्या वस्तूसाठी प्रतिनिधी नकोच. ती स्वतःच्या स्टुडिओतून किंवा प्रदर्शनात विकावी. मोठी, वेळखाऊ, एकेक घडवलेली भांडी बहुधा याच गटात येतात. प्रतिनिधीकडे द्यायच्या वस्तू म्हणजे मग, वाडगे, ताटल्या, छोट्या बरण्या: हात बसलेला, आकार ठरलेला, पुन्हा पुन्हा काढता येणारा माल.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. दुकानात ८०० ला असलेला मग कारागीर स्वतःच्या प्रदर्शनात ५०० ला विकू लागला तर दुकानदार फसवणूक झाल्यासारखा चिडतो, आणि त्याचे चुकत नाही. त्याने जागा दिली, भाडे भरले, माल मांडला. थेट विक्रीतही किंमत दुकानाइतकीच ठेवावी लागते. ठोक भावाच्या वरचे पैसे कारागिराने प्रदर्शनात घालवलेल्या दिवसांचे, तिथल्या स्टॉलच्या भाड्याचे आणि प्रवासाचे असतात.

भाव बसला की प्रश्न येतो भट्टीचा. प्रतिनिधी जे विकतो ते अजून घडलेलेच नसते. समजा, एका भट्टीत १२० मग मावतात आणि महिन्यात दोन भाजण्या होतात. दहातला एक नग वाया जातो असे धरले तर महिन्याला २१६ चांगले मग निघतील. त्यातले साठ-सत्तर स्वतःच्या विक्रीसाठी आणि फुटलेल्यांची भरपाई करण्यासाठी ठेवायचे, म्हणजे प्रतिनिधीला महिन्याला फार तर दीडशे नगांचा शब्द देता येईल. हा आकडा प्रतिनिधीला स्पष्ट सांगावा. चांगल्या प्रतिनिधीला मर्यादा कळलेली आवडते. तारीख हुकली की दुकानदारासमोर मान खाली घालण्याची वेळ त्याच्यावर येते.

आपल्या हवामानात हा हिशोब वर्षभर सारखा राहत नाही. दिवाळीच्या भेटवस्तूंच्या ऑर्डरी जुलै-ऑगस्टपासून येऊ लागतात, म्हणजे ऐन पावसाळ्यात. कोकणात आणि मुंबईत त्या दिवसांत हवेत इतका ओलावा असतो की एरवी दोन-तीन दिवसांत वाळणारे भांडे आठवडाभर फळीवर ओलसर राहते. घाई करून ओले भांडे भट्टीत घातले तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ते फुटते, शेजारची दोन घेऊन फुटते. वर्षातली सर्वांत मोठी मागणी आणि वर्षातली सर्वांत मंद गती एकाच वेळी येते. जाणते स्टुडिओ यावर उपाय म्हणून एप्रिल-मे मध्येच ठरलेल्या आकारांची भांडी घडवून, पहिली भाजणी करून ठेवतात. पावसाळ्यात ऑर्डर आली की हवा तो ग्लेझ लावून दुसरी भाजणी तेवढी उरते. यासाठी गेल्या वर्षी कोणता आकार किती गेला हे प्रतिनिधीकडून फेब्रुवारी-मार्चमध्येच लिहून घ्यावे लागते. दुकानदाराशी समोरासमोर बोलणारा तोच असतो. त्याच्याकडची ही माहिती कमिशनइतकीच मोलाची असते.

आता नमुने. हा विषय बारकाईने पाहण्यासारखा आहे. चाकावर दहा सेंटिमीटर उंच घडवलेला मग वाळून आणि भाजून झाल्यावर, माती १२ टक्के आटत असेल तर, ८.८ सेंटिमीटरचा होतो. मातीचा घाणा बदलला की हा आकडा एखाद-दुसऱ्या टक्क्याने सरकतो. स्टोनवेअर १,२०० ते १,३०० अंश सेल्सियसला भाजतात आणि गॅसच्या भट्टीत वरच्या नि खालच्या फळीवरचे तापमान अगदी एकसारखे क्वचितच असते. तोच हिरवा ग्लेझ वर काचेसारखा वाहतो आणि खाली थोडा सायीसारखा गोठतो. लोहयुक्त ग्लेझ तर भट्टीत हवा किती होती यावर तपकिरी, काळा किंवा निळसर हिरवा उतरू शकतो. अशा मालाचा एकच देखणा नमुना, शंभरातून निवडलेला, प्रतिनिधीच्या हातात दिला की पुढे तंटा ठरलेला. दुकानदार तो हातात घेऊन ऑर्डर देतो आणि खोका उघडल्यावर त्याला वेगळे काही दिसते.

त्यामुळे नमुना सर्वांत सुंदर नको, सर्वसाधारण हवा. प्रत्येक ग्लेझचे दोन नग द्यावेत, एक गडद टोकाचा आणि एक फिका, आणि माल या दोहोंच्या मधला येईल असे सांगावे. आकारांचे नग एका ग्लेझमध्ये आणि सगळे ग्लेझ छोट्या चौकोनी तुकड्यांवर, अशी पेटी केली तर वजन आटोक्यात राहते. बसमधून आणि स्कूटरवरून हिंडणाऱ्या माणसाला भरलेली जड पेटी नकोशी होते, मग ती घरी राहते आणि फक्त मोबाइलवरचे फोटो फिरतात. भांडे फोटोवर विकले जात नाही असे नाही, पण कान बोटांत कसा बसतो, ओठाला काठ कसा लागतो, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. हातघडणीच्या मगचे पैसे दुकानदार त्यासाठीच देत असतो. प्रत्येक नमुन्याच्या तळाला क्रमांक असावा आणि तोच क्रमांक भावपत्रकात. पेटीतल्या नगांची यादी दोघांच्या सहीने करावी, आणि नमुने कारागिराचे आहेत, विकायचे नाहीत, हे तिच्यात लिहावे.

पेटीबरोबर एक माहितीपत्रक हवे. भांडे मायक्रोवेव्हमध्ये चालते का, भांडी धुण्याच्या यंत्रात टिकते का, त्यात लोणचे किंवा दही ठेवता येते का, हे प्रश्न दुकानदार पहिल्या पाच मिनिटांत विचारतो. शेवटचा प्रश्न सर्वांत गंभीर. आंबट पदार्थ ग्लेझमधले शिसे आणि कॅडमियम ओढून घेऊ शकतात. युरोपीय संघाच्या नियमानुसार पदार्थ भरून ठेवायच्या भांड्यातून चाचणीत शिसे लिटरला ४ मिलिग्रॅमपेक्षा आणि कॅडमियम ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त उतरता कामा नये. निर्यात करायची नसली तरी प्रयोगशाळेतून ही चाचणी करून घेणे हे जेवणाची भांडी विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. अहवालाची प्रत पेटीत असली की प्रतिनिधीला अंदाजाने उत्तरे द्यावी लागत नाहीत.

माणूस निवडताना त्याच्याकडे आधीपासून काय आहे ते पाहावे. हातमागाच्या चादरी, पितळी दिवे, मेणबत्त्या, लाकडी वस्तू अशा मालाचा प्रतिनिधी ज्या दुकानांत जातो तिथेच हातघडणीची भांडीही खपतात. स्टीलच्या भांड्यांची ठोक विक्री करणारा कितीही हुशार असला तरी त्याची दुकाने वेगळी, त्याचे बोलणे वेगळे. प्रतिनिधीकडे दुसऱ्या कोणा पॉटरचा माल असेल तर त्याला नेमायचे की नाही, हा प्रश्न शैलीचा आहे. एकजण पांढरी पातळ भांडी करतो आणि दुसरा जाड, खडबडीत, राखेच्या ग्लेझची, तर ते एकमेकांना मारक ठरत नाहीत. तो ज्या दुकानांना माल देतो त्यांपैकी दोन-तीन दुकानांत स्वतः जाऊन चौकशी करावी: माणूस वेळेवर येतो का, फुटीची तक्रार ऐकतो का. आणि त्याला एक दिवस स्टुडिओत बोलवून घ्यावे. तळ खरवडताना एक भांडे हातून गेलेले पाहिले, भट्टी उघडताना अख्खी फळी चिकटलेली पाहिली, की भाव सांगताना त्याचा आवाज डगमगत नाही.

सुरुवातीलाच अनामत किंवा दरमहा ठरलेली रक्कम मागणाऱ्या प्रतिनिधीला लहान स्टुडिओने नकार देणे बरे. मोठ्या शहरात कायमची शोरूम चालवणारे प्रतिनिधी जागेचा खर्च म्हणून काही रक्कम घेतात, ती रीत जगभर आहे. पण ती वर्षभराची विक्री दिसल्यावर. परदेशी खरेदीदारांकडे जायचे असेल तर वाट वेगळी आहे. हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेच्या ग्रेटर नोएडात वर्षातून दोनदा भरणाऱ्या जत्रेत परदेशी खरेदीदार आणि त्यांच्यासाठी माल शोधणारे एजंट येतात. ते एजंट मात्र बहुधा खरेदीदाराचे असतात, कारागिराचे नव्हे, हे समजून त्यांच्याशी बोलावे.

बोलणी जमली की करार लिहून घ्यावा. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये एजन्सीवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि विक्री प्रतिनिधी त्याच्या कक्षेत येतो. तोंडी करारही कायद्याने चालतो, पण तोंडी कराराचा पुरावा देणे अवघड. लिहायच्या गोष्टी फार नाहीत. मुलूख कोणता: पुणे जिल्हा, की मुंबई-ठाणे, की पूर्ण गोवा. त्या मुलुखात हा एकटाच प्रतिनिधी, की आणखीही कोणी नेमता येईल. कारागिराची जुनी दुकाने कोणती आणि त्यांच्यावर कमिशन लागू आहे का. वाद सर्वांत जास्त या मुद्द्यावर होतात, म्हणून जुन्या दुकानांची यादी नावानिशी कराराला जोडावी. प्रतिनिधीने एकदा आणलेल्या दुकानाने दुसरी ऑर्डर थेट स्टुडिओला फोन करून दिली तर कमिशन द्यायचे का? द्यायचे. पहिली ऑर्डर लहानच असते. दुकान बांधून आणण्याचे कष्ट पुढच्या ऑर्डरींतून फिटतात. हे पैसे वाचवू पाहणारा कारागीर चांगला प्रतिनिधी गमावतो. प्रदर्शनात गिऱ्हाइकाला थेट विकलेल्या मालावर मात्र कमिशन नाही, हेही लिहावे.

कमिशन कधी द्यायचे, हा पुढचा मुद्दा. करारात काही वेगळे ठरले नसेल तर एजंटचा मोबदला त्याचे काम पूर्ण झाल्यावरच देय होतो, असे करार कायद्याचे कलम २१९ सांगते. काम कधी पूर्ण झाले यावर वाद होऊ शकतो: ऑर्डर लिहिली तेव्हा, माल पोचला तेव्हा, की पैसे आले तेव्हा? लहान स्टुडिओसाठी पैसे आल्यावर हेच उत्तर योग्य, आणि ते शब्दांत लिहिलेले असावे. प्रतिनिधीलाही त्यामुळे पैसे बुडवणारे दुकान टाळण्याची सवय लागते. कमिशन रकमेच्या कोणत्या भागावर, तेही ठरवावे: वाहतूक, वेष्टण आणि कर वगळून उरलेल्या मालाच्या किमतीवर.

जीएसटीच्या दृष्टीने बिल कोणाच्या नावाने निघते हे निर्णायक आहे. प्रतिनिधीने फक्त ऑर्डर आणली आणि बिल कारागिराने फाडले तर तो केवळ सेवा देणारा ठरतो. माल त्याच्याकडे ठेवून तो स्वतःच्या नावाने बिल देऊ लागला तर कायदा त्याला माल पुरवणारा एजंट मानतो आणि नोंदणी, कर, हिशोब सगळेच बदलते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकात हा भेद स्पष्ट केला आहे. दुकानात पसंतीवर, म्हणजे जांगडावर, ठेवलेल्या मालाचे बिल माल निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत झाले पाहिजे किंवा माल परत आला पाहिजे. एरवी राज्याबाहेर माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी सक्तीची असते. अधिसूचित हस्तकला वस्तूंसाठी २० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत त्यातून सूट आहे आणि मातीच्या नि टेराकोटाच्या वस्तू त्या यादीत आहेत. सूट घेतली तरी अशा मालाबरोबर ई-वे बिल लागते. आपली भांडी नेमकी कोणत्या वर्गात बसतात ते कर सल्लागाराकडून एकदा तपासून घ्यावे.

ऑर्डर हातात आली की तिच्यावर नमुन्यांचे क्रमांक, नग, भाव, पाठवण्याची तारीख आणि ग्लेझमधल्या फरकाबद्दलचे वाक्य असले पाहिजे, आणि खाली दुकानदाराची सही. नव्या दुकानाकडून निम्मी रक्कम विसार म्हणून घेणे हातघडणीच्या मालात गैर नाही. ऑर्डर स्वीकारल्याचे कारागिराने दोन दिवसांत कळवावे, आणि तारीख पाळता येणार नसेल तर ते त्याच वेळी सांगावे. उशीर झाल्याचे प्रतिनिधीला दुकानदाराच्या तोंडून कळले की तो दुखावतो आणि हळूहळू पेटीतला तो माल दाखवणे बंद करतो.

माल पाठवताना मगचा कान आधी तुटतो. प्रत्येक नग वेगळा गुंडाळून, कानाच्या पोकळीत कागदाचा बोळा भरून, कान खोक्याच्या भिंतीकडे येणार नाही असा ठेवावा. आतला खोका बाहेरच्या खोक्यात, मध्ये चार बोटे पेंढा किंवा कागद. खोका हलवून पाहिला तर आवाज येता कामा नये. फूट निघाली तर दुकानदाराने ४८ तासांत फोटो पाठवावा आणि बदली नग पुढच्या भाजणीतून यावा, असा नियम सोपा आणि न्याय्य. फुटीचा खर्च प्रतिनिधीच्या कमिशनमधून कापू नये. वेष्टण त्याने केलेले नसते.

उधारी हा सगळ्यांत नाजूक भाग. तीस दिवसांची बोली करून चार महिने पैसे न देणारी दुकाने प्रत्येक शहरात आहेत. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला यात कायद्याचा आधार आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार खरेदीदाराने माल स्वीकारल्यापासून करारात ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी ठरलेच नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागते. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या आकारणी वर्षापासून, अशा पुरवठादाराचे पैसे मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की मोठ्या दुकानाचा हिशेबनीस त्याकडे लक्ष देतो. वसुलीसाठी पहिला फोन प्रतिनिधीने करावा, पण पैसे त्याच्या हातात यावेत असे नाही. बँकेत थेट आलेली रक्कम दोघांचेही संबंध साफ ठेवते.

दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कारागिराने प्रतिनिधीला एक कागद पाठवावा: कोणत्या दुकानाचे किती पैसे आले, कोणाचे थकले, कमिशन किती झाले. तो न मागता वेळेवर गेला तर पुष्कळ संशय उगवायच्या आधीच मिटतात. वर्षातून एकदा दोघांनी बसून पेटी पाहावी. जो आकार वर्षभरात कोणी मागितला नाही तो काढावा, नवे दोन घालावेत. ऋतूगणिक माल बदलण्याची गरज नाही. तोच वाडगा तीन वर्षांनीही मिळतो हे कॅफेवाल्याला फार मोलाचे वाटते, कारण त्याच्याकडे रोज एखादा फुटत असतो.

संबंध संपवण्याची वेळही येते. विक्री होत नाही, प्रतिनिधी दुसऱ्या मालात रमतो, किंवा कारागिरालाच उत्पादन कमी करायचे असते. करार कायद्याचे कलम २०६ एजन्सी संपवणाऱ्याला, मग तो कोणताही पक्ष असो, वाजवी पूर्वसूचना द्यायला सांगते. ती न दिल्याने दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते भरून द्यावे लागते. करारात ६० किंवा ९० दिवस असे लिहिले की वाजवी म्हणजे किती, यावर भांडण उरत नाही. एजन्सी संपल्यावर प्रतिनिधीने दुसऱ्या कोणाचीही भांडी विकू नयेत अशी अट घालण्यात अर्थ नाही. व्यवसायाला असा प्रतिबंध करणारा करार कलम २७ नुसार रद्दबातल ठरतो. युरोपात प्रतिनिधी नेमणाऱ्यांनी आणखी सावध राहावे. तिथल्या १९८६ च्या निर्देशानुसार एजन्सी संपवताना प्रतिनिधीला भरपाईचा हक्क मिळू शकतो आणि तो कराराने आधीच काढून घेता येत नाही.

शेवटच्या हिशोबात, पूर्वसूचनेच्या मुदतीत लिहिलेल्या पण पैसे नंतर येणाऱ्या ऑर्डरींचे कमिशन धरावे लागते. ते देईपर्यंत, करारात वेगळे ठरले नसेल तर, कलम २२१ नुसार प्रतिनिधीला कारागिराच्या वस्तू स्वतःकडे अडवून ठेवता येतात. त्यामुळे आधी देणे चुकते करावे, पोच घ्यावी, आणि मग सहीच्या यादीशी ताडून नमुन्यांची पेटी परत घ्यावी. त्या मुलुखातल्या दुकानांना यापुढे ऑर्डर कोणाकडे द्यायची हे कारागिराने स्वतः, त्याच आठवड्यात, लेखी कळवावे.